खळगे आणि पूड

कॅरमचा डाव सुरू करण्याआधी बोर्डावर चिमूटभर बोरिक पावडर टाकून ती तळहाताने पसरायची, हे मुंबई-पुण्याच्या चाळींतल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. सोंगट्या सरसर जातात, एवढे कारण त्यांना पुरते. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्देमिर यांनी याच बोरिक आम्लाचा वंगण म्हणून गांभीर्याने अभ्यास केला. त्याचे रेणू एका थरात एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका थराची दुसऱ्या थरावरची पकड सैल असते. बोरॉन ऑक्साइडचा लेप असलेला पृष्ठभाग तर हवेतला दमट अंश शोषून स्वतःवर बोरिक आम्लाचा पातळ थर आपणच तयार करतो. जे वंगण तेलासारखे ओतायचे नसते, सांडत नाही, उडून जात नाही, अशा घन वंगणांच्या मोठ्या कुळातला हा एक सदस्य.

प्रस्तुत पुस्तक या कुळाबद्दल आहे. त्याच्याबरोबर आणखी एका युक्तीबद्दलही आहे, आणि ती ऐकताना उलटी वाटते: घासणाऱ्या पृष्ठभागावर मुद्दाम बारीक खळगे, रेघा किंवा उंचवटे कोरायचे. पोत देणे आणि पूड लावणे, या दोन वाटा वेगवेगळ्या निघाल्या, बराच काळ एकमेकींना न भेटता चालल्या आणि गेल्या काही दशकांत एकत्र आल्या. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती पाठ्यपुस्तकात सहसा तळटीपेइतकीच जागा घेते. घर्षण हा कोणत्याही एका पदार्थाचा गुण नाही. दोन पृष्ठभाग, त्यांच्यातला भार, वेग, तापमान, भोवतीची हवा आणि आधी काय काय घासून झाले आहे, या सगळ्यांचा मिळून तो गुण असतो. ‘ग्राफाइटचा घर्षणांक किती?’ या प्रश्नाला परिस्थिती सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

हे समजायला माणसाला बराच वेळ लागला. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ठोकळे ओढून घर्षण मोजले. भार दुप्पट झाला की घर्षण दुप्पट होते आणि टेकलेल्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो, असे त्याच्या वह्यांत आहे. वह्या कुणी वाचल्या नाहीत. १६९९ मध्ये गीयोम आमाँताँने पॅरिसच्या अकादमीपुढे हेच नियम मांडले, तेव्हा क्षेत्रफळाचा मुद्दा विद्वानांना इतका खटकला की पडताळा घेण्याचे काम फिलिप द ला हिर यांच्यावर सोपवावे लागले. पडताळा आमाँताँच्या बाजूने आला. पुढे कुलोंबने १७८० च्या दशकात हा विषय जवळजवळ आजच्या शालेय रूपात आणून ठेवला. या मंडळींच्या डोळ्यांपुढचे चित्र साधे होते: दोन्ही पृष्ठभागांवर सूक्ष्म डोंगर-दऱ्या आहेत, त्या एकमेकींत अडकतात, म्हणून ओढायला जोर लागतो. चित्र खरे असेल तर उपाय उघड आहे. घासून गुळगुळीत करा.

पण अति गुळगुळीत केले की घर्षण वाढते. १७२० च्या दशकात जॉन डेझाग्युलिए याने शिशाच्या दोन गोळ्यांच्या चकत्या कापून, ताज्या बाजू एकमेकींवर पिळून दाबून दाखवल्या; त्या इतक्या घट्ट चिकटल्या की कित्येक पौंड वजन त्यांना टांगता आले. या इशाऱ्याचा अर्थ लागायला विसावे शतक उजाडावे लागले. केंब्रिजचे फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी दाखवले की वरवर टेकलेले दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या टोकांवरच भेटतात. खरे संपर्कक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अगदी नगण्य अंश असते आणि ते भारानुसार वाढते, म्हणून आमाँताँचा नियम लागू पडतो. या टोकांवर दाब एवढा असतो की तिथे धातू अक्षरशः जोडला जातो; घसरणे म्हणजे हे सांधे तोडत जाणे. १९५० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने हा विषय ज्या पायावर उभा केला, त्यावर तो आजही बराचसा उभा आहे.

गुळगुळीतपणाचा सर्वांत गमतीदार फटका बसला तो संगणकाच्या हार्ड डिस्कला. १९९० च्या दशकात डिस्क इतक्या सपाट होऊ लागल्या की यंत्र बंद असताना तबकडीवर टेकलेले वाचन-लेखनाचे डोके (हेड) तिला चिकटून बसे आणि मोटारीला ती फिरवता येईना. आयबीएमच्या संशोधकांनी यावर काढलेला तोडगा होता तबकडीचा एक पट्टा लेझरने मुद्दाम खडबडीत करण्याचा. डोके जिथे विसावते तेवढ्याच पट्ट्यात अतिसूक्ष्म उंचवट्यांच्या रांगा, बाकी तबकडी आरशासारखी.

तेलाची कथा या सगळ्याला समांतर चालली होती. १८८३ मध्ये ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगला पाडलेल्या भोकात त्याने बूच मारले. ते बाहेर फेकले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली; तीही उडाली. फिरणारा आस तेलाला स्वतःच आत ओढून दाबाखाली आणतो आणि त्या दाबावर गाडीचे वजन तरंगते, हे अशा अपघाती रीतीने उघड झाले. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनल्ड्सने त्याचे गणित मांडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड श्ट्रिबेकने वेग आणि भारानुसार घर्षण कसे बदलते त्याचा आलेख काढला. वंगणशास्त्र शिकणाऱ्याला तो पहिल्याच आठवड्यात भेटतो. त्यातून तेलाची कमजोरीही स्पष्ट दिसते. यंत्र सुरू होताना, थांबताना, दिशा बदलताना वेग शून्याजवळ येतो, तेलाचा पदर फाटतो आणि धातूला धातू भिडतो. पोत आणि घन वंगण या दोघांचेही मुख्य रणक्षेत्र हेच.

१९६६ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी ब्रिटनमध्ये पीटर योस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला आणि घर्षण, झीज, वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव दिले. या गोष्टींकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा त्या समितीचा अंदाज होता. त्याच वर्षी अमेरिकेत हॅमिल्टन, वॉलोविट आणि अॅलन यांनी पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे तेलात दाब कसा निर्माण करतात याचा सिद्धांत मांडला. अहवालाचा गाजावाजा झाला. सिद्धांताला तीन दशके थांबावे लागले, कारण असे लाखो उंचवटे किंवा खळगे झटपट आणि स्वस्तात कोरायचे साधन तेव्हा नव्हते.

हाताने कोरायची कला मात्र होती, आणि ती सिद्धांताआधीची आहे. लेथच्या स्लाइडवेचे स्क्रेपिंग करणारा कारागीर सरफेस प्लेटला निळा रंग लावून घासतो, जिथे निळा डाग उमटतो तो उंच भाग स्क्रेपरने खरवडतो आणि शेवटी अर्धचंद्राकृती ठसे मारून ठेवतो. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. प्रत्यक्षात त्या ठशांत तेल टिकते आणि सावकाश सरकणारा कॅरेज धक्के खात नाही. इंजिनाच्या लायनरचेही तसेच. कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा: बोअर आरशासारखा चकचकीत झाला की तो खूश होत नाही, ‘ग्लेझ झालाय, होनिंग मारा’ म्हणतो. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा तेल धरून ठेवतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात इंजिने जुळवणाऱ्या हजारो हातांना हे ज्ञान श्ट्रिबेकचे नाव न ऐकताही आहे.

लेझर आल्यावर चित्र पालटले. हैफाच्या टेक्निऑन संस्थेत इझ्हाक एत्सिऑन यांनी १९९० च्या दशकात पंपांच्या मेकॅनिकल सीलवर लेझरने खळगे पाडायला सुरुवात केली. साधारण १०० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे माणसाच्या जाड केसाएवढे, आणि अवघे काही मायक्रोमीटर खोल. असा प्रत्येक खळगा तीन कामे करतो. तेल पुरेसे असेल आणि वेग असेल तर तो इवले बेअरिंग होऊन दाब निर्माण करतो. तेल अपुरे असेल तर साठवलेला थेंब सोडतो. आणि झिजेतून सुटलेला कण, जो एरवी दोन पृष्ठभागांत सापडून ओरखडे काढत फिरला असता, तो खळग्यात पडून राहतो. २००९ मध्ये एत्सिऑन आणि एरन शेर यांनी फोर्ड ट्रान्झिटच्या अडीच लिटर डिझेल इंजिनात अशा पिस्टन रिंगा बसवून इंधनाचा खर्च चार टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे दाखवले. इंजिनाचा बाकी काहीही भाग न बदलता मिळालेले चार टक्के ही अभियंत्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

मात्र खळगे पाडले की घर्षण घटते, असा सरळ हिशेब कुणी करू नये. सील किंवा रिंगेसारखे दोन पृष्ठभाग रुंद टेकत असतील तर फायदा होतो. बॉल बेअरिंगमध्ये गोळी एका बिंदूपाशी प्रचंड दाब देते, तिथे खोल खळग्याच्या कडेपाशीच भेग सुरू होऊ शकते. लेझरने वितळलेला धातू खळग्याच्या काठावर ओठासारखा उचलून येतो. तो घासून काढला नाही तर तोच समोरच्या पृष्ठभागाला ओरबाडतो. आणि पोत घर्षण वाढवायलाही तेवढाच उपयोगी आहे. जात्याला टाकी लावून घेत ती पीठ नीट पडावे म्हणून. साखर कारखान्यात मिलच्या रोलरच्या दात्यांवर वेल्डिंगचे थेंब सोडून आर्किंग करतात ते उसाची पकड सुटू नये म्हणून. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात हे काम नेमाने चालते.

पुडीची वाट याहून नाट्यमय आहे. ग्राफाइट, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, षट्कोनी बोरॉन नायट्राइड या सगळ्यांची रचना थरांची. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची रचना १९२३ मध्ये रॉस्को डिकिन्सन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी लायनस पॉलिंग यांनी क्ष-किरणांनी उलगडली. पत्त्यांचा कॅट तिरका ढकलला की पत्ते एकमेकांवरून घसरतात, तसे हे थर घसरतात, असे बहुतेक पुस्तके सांगतात आणि पुढे जातात.

दुसऱ्या महायुद्धात हे स्पष्टीकरण तोकडे पडले. विमाने फार उंच उडू लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांचे कार्बन ब्रश, जे जमिनीवर दीर्घकाळ टिकत, ते भराभर झिजून धूळ होऊ लागले. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये कारण प्रसिद्ध केले: ग्राफाइटला घसरायला बाष्प लागते. हवेतले पाण्याचे रेणू त्याच्या थरांच्या मोकळ्या कडांवर बसून त्यांना शांत करतात; उंचावरच्या कोरड्या, विरळ हवेत ते मिळत नाहीत. म्हणजे कॅट तोच, पण खेळायला दमट खोली हवी. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे नेमके उलटे. निर्वात पोकळीत ते उत्कृष्ट काम करते, दमट हवेत त्याचे घर्षण वाढते आणि आयुष्य घटते. क्लीव्हलंडच्या नासा केंद्रात तालिव्हाल्दिस स्पाल्विन्स यांनी त्याचे स्पटरिंगने अतिपातळ लेप चढवायचे तंत्र घडवले आणि ते अवकाशयानांचे आवडते वंगण झाले.

या आवडीची मोठी किंमत गॅलिलिओ यानाने मोजली. गुरूकडे निघालेल्या या यानाचा ४.८ मीटर व्यासाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता. चॅलेंजरच्या अपघातानंतर उड्डाण लांबले आणि दरम्यान यान ट्रकमधून कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्या दरम्यान आणले-नेले गेले. या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी, हवेत, छत्रीच्या काड्या धरणाऱ्या पिनांवरचा कोरडा लेप घासून गेला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ११ एप्रिल १९९१ रोजी अवकाशात छत्री उघडायची आज्ञा दिली गेली. काही काड्या अडकून राहिल्या आणि छत्री कधीच पूर्ण उघडली नाही. सेकंदाला १,३४,००० बिट पाठवण्याची क्षमता असलेले यान लहान अँटेनामुळे जेमतेम काही बिटांवर आले. नव्या सॉफ्टवेअरने ती गती १६० बिटांच्या आसपास नेली. मोहीम तरीही यशस्वी झाली, हे पृथ्वीवरच्या अभियंत्यांच्या चिकाटीचे श्रेय. पण अब्जावधी डॉलरच्या मोहिमेला काही पिनांवरच्या लेपाने वेठीस धरले, ही गोष्ट या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हा आणखी एक लोकप्रिय गैरसमज. तो मोडायला इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयातले शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांचे उदाहरण पुरेसे आहे. खुब्याचा कृत्रिम सांधा करताना त्यांनी कपासाठी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन निवडले. घन पदार्थांत त्याच्याइतके कमी घर्षण क्वचितच कुणाचे असते. सांधे छान हलले. काही वर्षांतच कप झिजून खोल गेले आणि झिजलेल्या कणांनी भोवतालचे ऊतक बिघडले. १९६२ मध्ये चार्नली यांनी घर्षण थोडे जास्त पण झीज कितीतरी कमी असलेले अतिउच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन स्वीकारले आणि खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने तिथून जगभर गेली.

या सगळ्याचा अर्थ लावणारी घराणी तीन मानता येतील. केंब्रिजचे घराणे आसंजनाचे, चिकटलेल्या टोकांचे. मॉस्कोत इगोर क्रागेल्स्की यांनी चिकटणे आणि रुतणे या दोन्हींचा एकत्र हिशेब केला. ल्योंमध्ये मॉरिस गोदे यांनी मात्र प्रश्नच फिरवला: दोन पृष्ठभागांकडे बघण्याऐवजी त्यांच्यामधल्या झिजलेल्या कणांच्या, मळलेल्या थराकडे बघा, कारण खरा भार आणि खरी हालचाल तोच तिसरा घटक सांभाळतो. घन वंगणांच्या बाबतीत गोदे यांची दृष्टी सर्वांत फलदायी ठरली, असे या प्रस्तावनेचे मत आहे. मॉलीचा, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा, लेप काम करतो तो समोरच्या पृष्ठभागावर स्वतःचा थोडा भाग हस्तांतरित करून. मग मॉलीवर मॉली घसरते, पोलादावर पोलाद नव्हे.

तिसऱ्या घटकाचे महत्त्व पटले की खळगे आणि पूड एकत्र का यावेत हेही कळते. लेप पातळ असतो, झिजतो आणि संपतो. खळग्यांत पूड भरून ठेवली तर वरचा लेप झिजल्यावर आतला साठा हळूहळू बाहेर येत राहतो. अमेरिकी हवाई दलाच्या ओहायोतल्या प्रयोगशाळेत आंद्रेई व्होएव्होदिन आणि जेफ्री झाबिन्स्की यांनी कठीण लेपात लेझरने खळगे पाडून त्यांत घन वंगण भरले आणि आयुष्य कित्येक पटींनी वाढवले. त्यांच्याच गटाने परिस्थितीनुसार रूप बदलणारे ‘सरड्या’ लेपही केले: एकाच लेपात हिऱ्यासारखा कार्बन, मॉली आणि सोने, दमट हवेत एक घटक पुढे येतो, निर्वातात दुसरा, तापमान चढल्यावर तिसरा. तापमान आणखी वर गेले की कार्बन आणि मॉली दोन्ही जळतात. तिथे नासाने चांदी आणि बेरियम-कॅल्शियम फ्लोराइड मिसळलेले, प्लाझ्मा फवारणीने चढवायचे लेप विकसित केले. चांदी कमी तापमानात घसरते, फ्लोराइड जास्त तापमानात.

एक शाखा यापुढे जाऊन घर्षण जवळजवळ संपवायच्या मागे आहे. घर्षणांक ०.०१ च्या खाली गेला की त्या स्थितीला अतिस्निग्धता म्हणतात. १९९० मध्ये मोतोहिसा हिरानो आणि काझुमासा शिंजो यांनी गणिताने ती शक्य असल्याचे सांगितले: दोन स्फटिकांच्या अणुरांगा एकमेकींशी जुळणार नाहीत अशा कोनात ठेवल्या तर त्या अडकत नाहीत. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये ग्राफाइटवर ते मोजून दाखवले गेले. २०१५ मध्ये अर्गॉनच्या डायना बर्मन, अली एर्देमिर, अनिरुद्ध सुमंत आणि सहकाऱ्यांनी हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांभोवती ग्राफीनच्या गुंडाळ्या होऊन डोळ्यांना दिसेल एवढ्या आकारातही हे साधते असे दाखवले. अट मात्र कोरड्या वातावरणाची. दमट हवेत परिणाम नाहीसा होतो, आणि विषय पुन्हा परिस्थितीपाशी येतो.

आज हे पुस्तक का, याची कारणे थोडक्यात सांगता येतील. फिनलंडचे केनेथ होल्मबर्ग आणि एर्देमिर यांच्या २०१७ च्या हिशेबानुसार जगाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के घासणाऱ्या पृष्ठभागांपायी जाते: २० टक्के घर्षणावर मात करण्यात आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा घडवण्यात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी पिस्टन रिंग हद्दपार केली, पण अतिवेगवान बेअरिंग आणि त्यांतून गळणारा विद्युतप्रवाह ही नवी डोकेदुखी आणली. दुसरीकडे टेफ्लॉन ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या गटात मोडते त्या संपूर्ण गटावर बंधने घालण्याचा प्रस्ताव पाच युरोपीय देशांनी २०२३ च्या सुरुवातीला मांडला. युरोपला सुटे भाग निर्यात करणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांनाही त्यामुळे पर्याय शोधावा लागू शकतो.

पुस्तकाचा वाचक कोण, हे लेखकांनी ठरवून घेतले आहे: डिप्लोमा किंवा पदवीचा विद्यार्थी, कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस, आणि विज्ञानाची आवड असलेला कुणीही. गणित आहे, पण रेनल्ड्सचे समीकरण सोडवता आले नाही म्हणून कुणी अडून राहणार नाही. लेझर, होनिंग, स्पटरिंग, फवारणी ही तंत्रे त्यांच्या चुकांसह सांगितली आहेत. काठावरचा ओठ, सुटणारा लेप, ओलाव्याने बिघडलेली मॉली. सर्वांत आग्रही भाग मोजमापांचा आहे. पिन-ऑन-डिस्क यंत्रावर काढलेला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत हुबेहूब येत नाही, हे या क्षेत्रातले उघड गुपित. म्हणून पुस्तकात घर्षणांकाचा एकही आकडा एकटा दिलेला नाही. प्रत्येकासोबत भार, वेग, तापमान, हवेतली आर्द्रता आणि किती अंतर घासल्यानंतर तो आकडा मिळाला हे दिले आहे, आणि जिथे मूळ शोधनिबंधात यांतले काही नव्हते, तो आकडा वगळला आहे. त्यामुळे काही कोष्टके अपेक्षेपेक्षा लहान झाली आहेत.